तपासणीचा पहिला मान

आंबेगाळीत कुठलीही नवी गोष्ट आधी पाटलांच्या घरानं करायची आणि मग गावानं. होळीला पहिली काडी पाटलांची, बेंदराला वेशीतून पहिला बैल पाटलांचा, लक्ष्मीच्या यात्रेत पहिली ओटी पाटलांची. हे देवाधर्माचं झालं. पण मान ही अशी चीज आहे की एकदा तिला पाय पसरायला जागा मिळाली की ती देवळाच्या पायरीवर थांबत नाही. गावात नळ आला तेव्हा पहिली तोटी नागोजी पाटलांनी फिरवली. सौर दिवा आला तेव्हा बटण त्यांनीच दाबलं. तो दिवा अंधार पडला की आपोआप लागणारा होता, त्याला बटणच नव्हतं, म्हणून एक जुनं बटण आणून खास खांबाला बांधलं होतं. करोनाची पहिली सुई नागोजींनी घेतली. त्यांना तीन दिवस ताप भरला आणि तीन दिवस गाव अंगणात येऊन पाटील आहेत का गेले ते बघून जात होतं. चौथ्या दिवशी नागोजी उठून भात जेवले, मग गावानं रांग लावली.

दुसरा मान गावड्यांच्या मारुतीरावांचा. दुसरा मान असलेल्या माणसाच्या जिवाला काय वाटतं ते त्याचं त्यालाच माहीत. मारुतीराव जन्मभर पाटलांच्या एक पाऊल मागं उभे राहिले होते आणि पाटलांना ऐन सणाला एकदा तरी पडसं व्हावं म्हणून त्यांनी देवीला काय काय कबूल केलं होतं, ते देवीलाच ठाऊक. कारण गावचा कायदा असा होता की मान एकदा चुकला की गेला. नागोजींच्या आज्याचा एका वर्षी पाय मोडला आणि दसऱ्याचं सोनं लुटायला त्याला जाता आलं नाही. तो मान खालच्या आळीत गेला तो आजतागायत परत आलेला नाही. पाटलांच्या घरात त्या पायाविषयी अजून वाईट बोलतात.

श्रावण सरत आला होता. एका सकाळी मंगल, गावची आशा कार्यकर्ती, वही घेऊन पाटलांच्या बाहेरच्या सोप्यात येऊन बसली. नागोजी चहा पीत होते. आत त्यांच्या पत्नी राजाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"आप्पा, पुढल्या मंगळवारी आपल्यात तपासणीची गाडी येणार हाय," मंगल म्हणाली. "सरकारी हाय. एचआयव्ही, गुप्तरोग, कावीळ, समदं बघत्यात. बोटातनं जरासं रगत घेत्यात, वीस मिनिटांत निकाल. फुकट."

"बरं हाय की," नागोजी म्हणाले.

"बरं कशाचं! मागल्या म्हयन्यात पल्याडच्या गावात गाडी दिसभर हुबी हुती. दोघंच आलते. एक पिऊन आलता, आन् दुसऱ्याला वाटलं डोळं तपासत्यात. गाडीच्या दारात पाय ठेवला की गाव म्हणतंय, ह्याचं काय तरी हाय. म्हणून म्हटलं, आपल्यात पहिला मान तुमी घ्या. तुमी गेला की गाव येतंय."

नागोजींच्या चहाचा घोट वाट चुकला. ते बराच वेळ खोकले. आतलं सूप थांबलं आणि खोकला थांबल्यावर परत सुरू झालं.

"बघू," नागोजी म्हणाले.

मंगलनं वहीत त्यांचं नाव पहिल्या नंबरवर लिहूनही टाकलं. पाटलांच्या 'बघू'चा अर्थ गावात तसाच लावत.

आता नागोजींची गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यांनी स्वतः कुणालाच सांगितलेली नव्हती. बावीस वर्षांमागं गावानं देवीला चांदीची प्रभावळ करायची ठरवली. चांदीच्या कामाला हुपरी, म्हणून नागोजी आणि आणखी दोघं हुपरीला गेले. कारागिरानं आज देतो, उद्या देतो करत तीन दिवस लावले. बरोबरचे दोघं त्याच्या ओसरीवर झोपले. नागोजी पडले मानकरी, त्यांना ओसरीवर कसं झोपवायचं? म्हणून त्यांची सोय हायवेच्या एका लॉजवर केली. जे झालं ते तिथं झालं, एकाच रात्री झालं, आणि मान नसता तर झालंही नसतं, अशी नागोजींची आपली एक समजूत होती.

ते परत आले ते देवीला प्रभावळ, बायकोला हिरवी इरकल आणि स्वतःला धसका घेऊन. त्या काळी एस.टी. स्टँडवर एड्सच्या पाट्या असत, त्यांवर कवटी आणि दोन हाडं. त्या पाटीखालीच नागोजींची बस लागत असे. त्याच रात्री त्यांनी आपलं अंथरूण उचलून सोप्यात आणलं. "मी लई घोरतो, तुझी झोप मोडती," ते म्हणाले. महिन्याभरानं नको त्या जागी एक फोड आला. दुखला नाही, खुपला नाही, आपला आपण निघून गेला. नागोजींचा धसका मात्र राहिला.

तपासून घ्यावं असं त्यांना वाटलं नाही असं नाही. पण तालुक्याला, खानापुरात, त्यांना कुत्रंही ओळखत होतं. ते बेळगावला गेले. तीनदा गेले. दर वेळी दवाखान्याच्या फाटकात गावचं कुणी ना कुणी भेटलं आणि दर वेळी नागोजींनी "एका पेशंटाला बघाय आलतो" असं सांगितलं. तिसऱ्या वेळी भेटलेला माणूस म्हणाला, चला, मीही येतो. मग नागोजींना शहाळं विकत घेऊन एका अनोळखी म्हाताऱ्याच्या खाटेजवळ अर्धा तास बसावं लागलं. म्हातारा खूश झाला. नागोजी परत गेले नाहीत.

आणि रोज सकाळी देवीची पहिली आरती त्यांच्याच हातात. आरती वर गेली की प्रभावळ लखलखायची. बावीस वर्षं हा माणूस देवीच्या तोंडाकडं न बघता आरती ओवाळत होता. गाव म्हणायचं, पाटलांची नजर कशी खाली असते बघा, याला म्हणतात भक्ती.

तर आता पेच असा पडला. गाडीत चढावं तर काय निघेल कोण जाणे, आणि न चढावं तर मान जातो. सोमवारी सकाळी नागोजींनी अंगावर घोंगडं घेतलं आणि ताप आल्याचं जाहीर केलं. अर्ध्या तासात मारुतीराव हजर झाले. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा.

"ताप लई हाय का वो पाटील?" त्यांनी अगदी मायेनं विचारलं. "काय काळजी करू नका. तुमास्नी न्हाय जमलं तर आमी हाय की. गावाचं काम अडाय नगं."

"आन् पुढच्या टायमाला?"

"पुढच्या टायमाला पुढचं. रीत काय हाय ती तुमाला म्हाईतच हाय."

मारुतीराव गेले. नागोजींनी घोंगडं बाजूला केलं. ताप उतरला होता.

मंगळवारी सकाळी राजाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर हिरवी इरकल होती. मान जोडीनं घ्यायचा असतो, त्यामुळं त्या येणार हे धरलेलंच होतं. पण बावीस वर्षांत त्या साडीची घडी एकदाही मोडलेली नव्हती. लग्नं झाली, बारशी झाली, पण इरकल ट्रंकेतच राहिली. नागोजींनी बघितलं. काही विचारावंसं त्यांना वाटलं आणि ढोल वाजला म्हणून ते राहून गेलं.

गाडी शाळेपुढं उभी होती. पांढरी, कडेला लाल रिबनीचं चित्र. गाडीतली समुपदेशक भैरवी ही बेळगावातल्या शहापूरची, या कामात तिला अकरा वर्षं झालेली. लोक तोंड झाकून येतात, मागल्या दारानं येतात, खोटं नाव सांगतात, याची तिला सवय होती. समोरून ढोल, हलगी, पुढं पंचारती आणि मागं शंभरेक माणसं अशी मिरवणूक येताना बघून तिनं आपल्या लॅब टेक्निशियनला, साईराजला विचारलं, "आपण बरोबर गावात आलोय ना?"

मिरवणूक पोचली. गाडीच्या दिव्याला हळदकुंकू लागलं. पुढच्या चाकाखाली नारळ फुटला. एक तुकडा ड्रायव्हरला मिळाला, तो त्यानं खाल्ला. मग नागोजी पाटील गाडीत चढले, मागोमाग मारुतीराव आणि रीतीप्रमाणं आणखी सहा मानकरी.

"एकेकटं यायचं," भैरवी म्हणाली.

"आमच्यात मानाला समदी लागत्यात," मारुतीराव म्हणाले.

"मानाला लागत असतील. तपासणीला एकच लागतो."

सात जण नाराजीनं उतरले आणि गाडीच्या पत्र्याला कान लावून उभे राहिले. भैरवीनं ते खिडकीतून बघितलं. तिनं दार उघडलं आणि ढोलवाल्यांना म्हणाली, "छान वाजवता. मी सांगेपर्यंत थांबू नका." ढोलवाल्यांना असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी असा दणका सुरू केला की पत्र्याला लावलेले सातही कान सुटले.

आत भैरवी नागोजींच्या अगदी जवळ सरकून बसली, कारण तिलाही काही ऐकू येईना.

"काका, इथं बोललेलं इथंच राहतं. घरी नाही, गावात नाही, मंगलताईंनाही नाही. कागदावर नाव नसतं, नंबर असतो."

"माझा कितवा?"

"आजचा एक."

इतक्या संकटातही नागोजींना जरा बरं वाटलं.

"आणि तुमची इच्छा नसेल तर नाही म्हणता येतं. जबरदस्ती नाही. तुमची संमती असेल तरच सही करा."

नाही म्हणता येतं, हे नागोजींना त्रेसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मारुतीराव सदऱ्याची बाही सारखी करत होते. नागोजींनी सही केली.

भैरवी विचारू लागली. तलाठ्यानं सर्व्हे नंबर विचारावा तशा आवाजात विचारत होती आणि त्याचंच नागोजींना बरं वाटत होतं.

"लग्नाबाहेर कधी संबंध आला होता?"

ढोल वाजत होता. नागोजींनी एक बोट वर केलं.

"एकदा? किती दिवस झाले? तीन महिन्यांच्या आतलं असेल तर आज दिसेलच असं नाही, परत तपासावं लागतं."

"बावीस वर्सं."

"मग चालतं," भैरवी म्हणाली आणि वर न बघता तिनं ते लिहिलं. "निरोध?"

"न्हाय."

"नंतर कधी फोड, जखम, लघवीला जळजळ?"

"एक फोड आलता. दुखला न्हाय. आपोआप गेला."

"आणि काकूंशी संबंध? म्हणजे त्यानंतर?"

"न्हाय."

"कधीपासून नाही?"

"त्याच दिवसापासनं. सोप्यात झोपतो."

भैरवीचं पेन थांबलं. तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. आता ही पोरगी आपल्याला काय बोलेल त्याची नागोजी वाट बघू लागले. बावीस वर्षं ते कुणीतरी बोलण्याची वाट बघत होते. भैरवीनं पाण्याची बाटली उघडून त्यांच्या पुढं केली आणि म्हणाली, "हात द्या."

साईराजनं बोट पुसलं, टोचलं आणि रक्ताचे थेंब तीन पट्ट्यांवर सोडले. काटा रुतावा एवढंही दुखलं नाही. एवढ्याशा टोचणीसाठी आपण शहाळं घेऊन त्या म्हाताऱ्यापाशी बसलो होतो, हे आठवून नागोजींना स्वतःचा राग आला.

"वीस मिनिटं थांबायचं," साईराज म्हणाला. माणूस गप्प बसला की वीस मिनिटांचा दिवस होतो, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. "यंदा भात कसं हाय आप्पा?"

त्या वीस मिनिटांत नागोजींनी भाताविषयी आणि भातात येणाऱ्या रानडुकरांविषयी एवढं सांगितलं की साईराजला पुढं तीन गावं तोच विषय पुरला. बोलताना त्यांची नजर पट्ट्यांवरच होती. डुक्कर कुंपणाखालून कसं घुसतं ते सांगताना मधल्या पट्टीवर एक रेघ उठली आणि मग हळूच दुसरी. नागोजी वाक्याच्या मधेच थांबले.

भैरवीनं पट्ट्या बघितल्या, परत बघितल्या आणि त्यांच्याकडं वळली.

"एचआयव्ही नाही, काका. कावीळही नाही."

नागोजींनी मधल्या पट्टीकडं बोट दाखवलं.

"हो. तो सिफिलिस. तुमचा फोड होता ना, तो बहुतेक त्याचाच. फोड जातो, आजार आत राहू शकतो. ही पट्टी एवढंच सांगते की तो कधीतरी अंगात शिरला होता. आता अजून आहे का, ते तालुक्याच्या दवाखान्यात दुसरं रक्त देऊन कळेल. औषध लागलं तर इंजेक्शन आहे. डॉक्टर सांगतील, पण एवढ्या जुन्याला बहुतेक आठवड्याला एक अशी तीन देतात. कमरेखाली. दुखतात बरं का, खोटं सांगणार नाही."

"आन् मग?"

"मग काही नाही. बरं होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

नागोजी पाटील रडले. ढोल चालू होता म्हणून आवाजाची चिंता नव्हती, पण त्यांना लाज वाटली. त्यांनी रडणं उपरण्यात पुसलं. मरणार नाही याचा आनंद होता, आणि त्या आनंदाच्या मागोमाग बावीस वर्षं हिशेबाला उभी होती, त्यांचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

"काकूंचीही तपासणी होऊ दे," भैरवी म्हणाली.

"हुईल. जोडीचा मान हाय. माझ्यानंतर तीच."

"ठीक. पण तुमचं काय निघालं ते मी त्यांना सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

"तुमी सांगितलं न्हाय तर कोण सांगणार?"

"तुम्ही नाही सांगितलं तर कुणीच नाही."

तिनं खानापूरच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. नागोजी गाडीतून खाली उतरले. ढोल थांबला. गाव पुढं सरकलं. लॉटरी फुटावी तसं निकालाचं जाहीर वाचन होणार अशीच सगळ्यांची समजूत होती. एकानं तर टाळ्या वाजवायला हात वर धरले होते.

"काय निघालं?" मारुतीरावांनी विचारलं.

नागोजींनी सगळ्यांसमोर कागदाची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली आणि कागद सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवला. "ज्याचं त्याला," ते म्हणाले.

झालं. पहिल्या मानकऱ्यानं केलं ती रीत पडली. राजाबाई आत गेल्या, वीस मिनिटांनी बाहेर आल्या, कागदाच्या चार घड्या घालून कमरेला खोचल्या आणि कुणाकडं न बघता घरी चालू लागल्या. मारुतीराव बाहेर आले, त्यांनी चार घड्या घातल्या, डाव्या खिशात ठेवल्या आणि कुणी विचारलेलं नसतानाही "ज्याचं त्याला" असं ठासून सांगितलं. मग सहा मानकरी, मग भावकी, मग बायका, मग तरणी पोरं. ज्याच्या सदऱ्याला डावा खिसा नव्हता तो घरी जाऊन सदरा बदलून आला. निकालाची वाट बघणाऱ्यांना शाळेच्या खोलीत बसवत साडेचारपर्यंत सदतीस जणांची तपासणी झाली आणि पट्ट्या संपल्या. अकरा वर्षांत एकाही गावानं एवढी गुप्तता पाळलेली भैरवीनं बघितली नव्हती. ढोलवाल्यांनी जाताना तिच्याकडं परत बोलावण्याविषयी चौकशी केली.

दिवेलागणीला नागोजी घरी आले. राजाबाई आतल्या खोलीत इरकलीची घडी घालत बसल्या होत्या. बावीस वर्षांत ज्या उंबऱ्याच्या आत नागोजींनी संध्याकाळनंतर पाय ठेवला नव्हता, त्या उंबऱ्यावर ते बसले.

"तुझ्याशी बोलायचं हाय."

"बोला."

त्यांनी प्रभावळीपासून सुरुवात केली. चांदी कशी होती, कारागीर कसा लबाड होता, ओसरी किती लहान होती. लॉजपर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी सांगून टाकलं. फोडाचं सांगितलं, बेळगावच्या तीन फेऱ्यांचं सांगितलं, पट्टीवरच्या दोन रेघांचं सांगितलं. राजाबाईंचे हात घडी घालतच होते. मधे एकदाही थांबले नाहीत, आणि तेच नागोजींना जास्त भीतीचं वाटत होतं.

"झालं बोलून?"

"व्हय."

राजाबाईंनी ट्रंकेतून एक कागद काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटायला आलेला. तोही चार घड्यांचा.

"ह्यो काय?"

"माझी तपासणी. बेळगावच्या सरकारी दवाखान्यातली. तुमी प्रभावळ घिऊन आला, त्याच म्हयन्यातली. जांबोटीला म्हायारी जाते म्हणून तुमास्नी सांगून गेलते."

"तुला कसं कळलं?"

"पंधरा वर्सांत एक लुगडं आणलं न्हाय, आन् त्या दिशी इरकल आणली. आणली ती आणली, वर अंथरूण सोप्यात नेलं. मला काय अक्कल न्हाय?"

"पर त्याच्यानंतर मी तुझ्याजवळ आलोच न्हाय की! तुला काय हुणार?"

"त्याच्या आदी किती बारी गेलता ह्ये मला काय ठावं? ती पयली बारी हुती का धावी, तुमी सांगितलं हुतं?"

पहिलीच होती, हे खरं होतं, पण बावीस वर्षांनी सांगितलेल्या खऱ्याला काय किंमत आहे ते नागोजींनाही कळत होतं.

"दोनदा गेलते," राजाबाई म्हणाल्या. "एकदा गेले तर म्हणले तीन म्हयन्यांनी परत या. परत गेले. बाकावर समद्यांच्या संगं कोण ना कोण हुतं. कुणाची आय, कुणाची भन, कुणाचा नवरा. मी एकलीच. नंबर पुकारला तर तोंडातनं आवाज फुटंना. पोरं ल्हान हुती. मला काय झालं तर त्यास्नी जांबोटीला ठेवायची का तुमच्याजवळ, येवढाच इचार करत बसलेते."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी दुसऱ्याला मोठ्यानं "ज्याचं त्याला" म्हणून हसत गेलं.

"काय न्हाय निघालं. आजबी न्हाय. मग कागद इरकलीच्या घडीत ठेवला. म्हटलं, आज ना उद्या इचारशीला, अगं, ती साडी का नेसत न्हाईस? मग साडी काढंन, घडी मोडंन, कागद तुमच्याम्होरं पडंल. मी काय बोलायच्या आदी तुमीच बोलशीला." त्यांनी घडी घातलेली साडी मांडीवर ठेवली. "बावीस वर्सांत एकदाबी इचारलं न्हाय तुमी."

नागोजींनी बावीस वर्षं भीती बाळगली होती, जपली होती, सोप्यात उशाला ठेवली होती. ती सगळी आपली एकट्याचीच आहे असं ते धरून चालले होते. मधल्या दारापलीकडं त्याच भीतीची दुसरी वाटणी पडली आहे, आणि ती आपल्यापेक्षा आधी, आपल्यापेक्षा धीरानं कुणीतरी जाऊन संपवून आलं आहे, हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"आन् आज गाव ढोल वाजवतंय," राजाबाई म्हणाल्या. "आंबेगाळीतली पयली तपासणी पाटलांची म्हणं."

त्या उठल्या, त्यांनी साडी ट्रंकेत टाकली आणि चुलीकडं गेल्या. तिथून म्हणाल्या, "खानापूरला कवा जायाचं हाय?"

"पुढल्या मंगळवारी."

"मी येते. त्या बाकावर एकलं बसाय लई वंगाळ वाटतंय." मग थोड्या वेळानं, भांड्यांच्या आवाजात, "अंथरूण मातर सोप्यातच ऱ्हाऊ दे. इंजेक्शनं हुद्यात, मग बघू."

पुढच्या मंगळवारी सकाळी आठची खानापूर बस आली. आंबेगाळीच्या थांब्यावर बसमध्ये आधी पाटील चढतात, मग दुसरा मान, मग इतर. त्या दिवशी दहा-बारा माणसं होती, सगळ्यांनी सवयीनं वाट करून दिली. नागोजी दारापर्यंत गेले आणि बाजूला उभे राहिले.

"तू चढ पयली," ते बायकोला म्हणाले.

राजाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मारुतीरावांनीही बघितलं, आणि त्यांच्या तोंडाचा रंग उडाला, कारण आता आपण नेमकं कुणाच्या मागं उभं राहायचं तेच त्यांना कळेना.

"पाटील, पहिला मान तुमचा," ते म्हणाले.

"न्हाय. तिचा हाय. लई वर्सं झाली."

"कशाचा वो?"

नागोजींना सांगता आलं असतं. ते राजाबाईंकडं बघत उभे राहिले. सांगायचं की नाही, हे आता त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं. राजाबाई बसमध्ये चढल्या, ड्रायव्हरच्या मागच्या पाटलांच्या सीटवर खिडकीशी बसल्या आणि हातातली पिशवी त्यांनी शेजारच्या जागेवर ठेवली.

नागोजी चढले. बस भरली. ते दांडीला धरून उभे राहिले, बसू का म्हणून त्यांनी विचारलं नाही. बस वळणावरून खाली उतरली, देऊळ मागं गेलं, नाल्यावरचा पूल आला. तिथं गाडीला जोराचा हिसका बसला. राजाबाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.